चित्रकार्डांचा संग्रह आणि बारामती-इंदापूरचा स्थलेतिहास

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रांस अग्रस्थान आहे, आणि तें योग्यच आहे. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून जुन्या वाड्यांतील रुमाल सोडून पाहण्याची दृष्टि महाराष्ट्रास आली. परंतु त्याच वाड्यांच्या माळ्यांवर, पेट्यांच्या तळाशीं, लग्नपत्रिका व पावत्या यांच्या सोबतीनें आणखी एका प्रकारचा कागद पडून असतो. एका बाजूस चित्र व दुसऱ्या बाजूस मजकूर असलेलें टपालाचें कार्ड, हा तो कागद होय. एखाद्या प्रांतांतील देवळें, घाट, पूल, डोंगर व नद्या यांचीं अशीं कार्डें जमविण्याचा छंद पुष्कळांस असतो. छंद म्हणून तो निर्दोष आहे. मात्र त्या संग्रहास इतिहासाचें साधन म्हणावयाचें असेल, तर त्याची परीक्षा कोणत्या कसोट्यांवर करावी, हें आधीं ठरविलें पाहिजे. उमर खान यांचा 'पेपर ज्युएल्स' हा इंग्रजी ग्रंथ २०१८ सालीं निघाला व त्यानें अखिल हिंदुस्थानच्या चित्रकार्डांचा परिचय करून दिला. त्याची मांडणी मुख्यतः शहरें व प्रकाशक यांच्या अनुरोधानें आहे. एखाद्या तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्यास मात्र निराळ्या दृष्टीची गरज पडते. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संबंधांत तिचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कार्डाची घडण पाहूं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्यानें १ ऑक्टोबर १८६९ रोजीं पहिलें टपालकार्ड काढलें. हिंदुस्थानांत तें १ जुलै १८७९ पासून सुरू झालें व त्याची किंमत एक पैसा, म्हणजे पाव आणा, होती. या सरकारी कार्डावर चित्र नव्हतें. चित्राचीं कार्डें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाजगी छापखान्यांनीं व छायाचित्रकारांनीं बाजारांत आणलीं. आरंभीं कार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहिण्याची मुभा असे. मजकूर चित्राच्याच बाजूस, कडेला सोडलेल्या कोऱ्या पट्टींत, लिहावा लागे. १९०२ सालीं इंग्लंडनें पाठीचे दोन भाग करून एकांत पत्ता व दुसऱ्यांत मजकूर लिहिण्यास परवानगी दिली, आणि पुढील कांहीं वर्षांत इतर देशांनीं तीच रीति उचलली. तेव्हां पाठ अखंड आहे कीं दुभागलेली आहे, एवढ्यावरून छपाईचा काळ स्थूलमानानें ठरतो. तिकिटावरील मुद्रा व्हिक्टोरिया राणीची, सातव्या एडवर्डची कीं पांचव्या जॉर्जची आहे. देशांतल्या देशांत गेलेल्या कार्डास पाव आण्याचें तिकीट आहे कीं १९२२ सालीं दर वाढल्यानंतरचें अर्ध्या आण्याचें आहे. यांवरून तो काळ आणखी आकुंचित करतां येतो. टपालाचा शिक्का वाचतां आला तर दिवसहि मिळतो.

परंतु येथेंच कित्येक संग्राहकांची वाट चुकते. शिक्क्यावरील तारीख ही कार्ड पाठविल्याची तारीख होय. ती छायाचित्र घेतल्याची नव्हे. एकदां तयार झालेला ठसा प्रकाशक वर्षानुवर्षें वापरीत, आणि दुकानांतील जुना माल संपेपर्यंत विकला जाई. बोरघाटाचें उदाहरण घ्या. घाटांत आगगाडीची दिशा उलटविण्याचें जें स्थानक होतें, त्याचीं 'रिव्हर्सिंग स्टेशन' या नांवानें कार्डें निघत असत. १९२९ सालीं नवा मार्ग झाला व त्या स्थानकाचा उपयोग संपला. आतां समजा, १९३५ चा शिक्का असलेल्या कार्डावर तें स्थानक दिसलें, तर तेवढ्यावरून १९३५ सालीं तें चालू होतें असें कोणी लिहील काय? येथें रेल्वेचा स्वतंत्र पुरावा असल्यामुळें चूक पकडतां येते. जेथें असा दुसरा पुरावा नाहीं, त्या लहान गांवच्या देवळाविषयीं किंवा घाटाविषयीं ती निमूटपणें ग्रंथांत शिरेल आणि पुढील लेखक तिचाच आधार देतील.

दुसरी कसोटी चित्राच्या अस्सलपणाची. हिंदुस्थानांतील स्थळांचीं पुष्कळ कार्डें पहिल्या महायुद्धापूर्वीं जर्मनींत छापून येत. मूळ छायाचित्र एकरंगी. त्यावर रंग चढविणाऱ्या कारागिरानें तें स्थळ डोळ्यांनीं पाहिलेलें नसे. आकाशाची निळाई, झाडांची हिरवळ, स्त्रियांच्या लुगड्यांचे रंग हीं सर्व त्याच्या कल्पनेचीं होत. माणदेशाला लागून असलेल्या या कोरड्या मुलखाचें एखादें कार्ड हिरवेंगार दिसलें, म्हणून त्या वर्षीं पाऊस बरा झाला असें अनुमान काढणारा संशोधक हास्यास्पद ठरेल. इमारतीची रेषा, शिखराची घडण, पायऱ्यांची मांडणी यांची साक्ष यापेक्षां अधिक भरंवशाची. तथापि तेथेंहि नको असलेला खांब किंवा माणूस पुसून टाकण्याची चाल होती हें विसरतां येत नाहीं. तरीहि नक्कल म्हणून कार्ड टाकून देणें चूक होईल. लंडनच्या राफेल टक या प्रसिद्ध प्रकाशकांची इमारत २९ डिसेंबर १९४० रोजीं बाँबवर्षावांत जळाली व तिच्यांतील मूळ चित्रें नष्ट झालीं. मूळ नाहींसें झाल्यावर नकलेस अस्सलाची किंमत येते, हा नियम कागदपत्रांप्रमाणें चित्रांसहि लागू आहे.

तिसरी कसोटी आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, व तिचाच विचार सर्वांत कमी होतो. ती निवडीची. कोणत्या स्थळाचें कार्ड काढावयाचें हें त्या स्थळाच्या ऐतिहासिक योग्यतेवर ठरत नसे. तें गिऱ्हाइकावर ठरे. पुणें व खडकी येथील छावण्यांतले गोरे शिपाई, आगगाडीचे प्रवासी, थंड हवेच्या ठिकाणीं उन्हाळा काढणारे अधिकारी व व्यापारी, हे कार्ड विकत घेणार. म्हणून पुणें जिल्ह्याच्या जुन्या कार्डांत पर्वती, बंडगार्डन, कार्ल्याचीं लेणीं, खंडाळा व लोणावळें हीं पुनःपुन्हां भेटतात. लोणावळ्याजवळ मळवलीस रविवर्मा छापखाना होता, १९७२ सालीं तो आगींत सांपडला. परंतु त्याचीहि ख्याति देवदेवतांच्या व पुराणप्रसंगांच्या चित्रांबद्दल होती. भीमा व नीरा या दोन नद्यांमधील पूर्वेकडील मुलखांत छावणी नव्हती व गिरिस्थानहि नव्हतें. दौंडाहून बारामतीस येणारी गाडी तेव्हां अरुंद रुळांची होती. येथें पाहण्यासारखें कांहीं नव्हतें असें नव्हे. विकत घेणारा नव्हता. परिणाम असा कीं, केवळ बाजारी कार्डांवरून जो पुणें जिल्हा पाहील, त्यास जिल्ह्याचा पश्चिम अर्धच दिसेल, आणि उरलेला अर्ध रिकामा होता असा त्याचा समज होईल.

तो रिकामा नव्हता याची साक्ष स्थळेंच देतात. कऱ्हेच्या कांठीं मोरगांवास मयूरेश्वराचें देऊळ आहे. त्याच्या उंच तटाच्या चार कोपऱ्यांवरील मिनार पाहिले म्हणजे दक्षिणेंतील मुसलमानी बांधणीचा हिंदु देवालयावर झालेला परिणाम एका दृष्टिक्षेपांत समजतो. परंतु यात्रेकरूंस विकलीं जाणारीं चित्रें मूर्तीचीं असतात. तट व मिनार त्यांत येत नाहींत. भक्तास तें पुरेसें आहे, संशोधकास नाहीं. लोणी भापकर येथील पुष्करणी व यज्ञवराहाची मूर्ति. बारामतीस बाबूजी नाइकांचा वाडा आणि त्यांच्या आश्रयास राहिलेल्या मोरोपंतांची (१७२९-१७९४) कर्मभूमि. मालोजीराजे भोसले यांच्याशीं निगडित असलेली इंदापूरची गढी. नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या काळांतील कामांतून पुढें आलेला नीरा डावा कालवा. आणि त्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उंसाच्या जोरावर १९३० नंतरच्या दशकांत उभें राहिलेलें वालचंदनगर. एवढीं स्थळें ज्या मुलखांत आहेत, त्याचा चित्रसंग्रह बाजाराच्या भरंवशावर सोडणें म्हणजे परक्याच्या आवडीनिवडीस आपला इतिहास मानणें होय.

या उपेक्षेची किंमत किती पडते, हें पळसदेवानें दाखविलें आहे. भीमेच्या कांठचें हें जुनें गांव व तेथील पळसनाथाचें देऊळ, १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यांत गेलें. गांव नव्या जागीं वसलें. देऊळ पाण्यांत राहिलें. पाणी ओसरलें म्हणजे शिखर दिसूं लागतें, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यांत सबंध देऊळ उघडें पडून लोकांची तेथें रीघ लागते. आज त्याचीं जीं छायाचित्रें पाहावयास मिळतात, तीं बहुधा अशा उघडिपींतलीं आहेत. त्यांत देऊळ दिसतें, गांव दिसत नाहीं. देवळाकडे येणारी वाट कोणत्या आळींतून येई, पार कोठें होता, घाटावर कोण बसत, नदी गांवापासून किती लांब होती, यांतील एकाहि प्रश्नाचें उत्तर चिखलांतून वर आलेलें शिखर देऊं शकत नाहीं. त्यासाठीं १९८० च्या पूर्वींचें, गांव नांदतें असतांना घेतलेलें चित्र पाहिजे.

याच जलाशयास यशवंतसागर हें नांव आहे, आणि भिगवण, कुंभारगांव या बाजूस हिवाळ्यांत येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या थव्यांचीं मनोहर चित्रें आतां सर्वत्र पोंचलीं आहेत. या सृष्टिसौंदर्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु अशा चित्राखालीं 'भीमेकांठचें रम्य दृश्य' एवढाच मथळा घालणारा आणि शंभर वर्षांपूर्वींच्या कार्डावर 'नदीकांठचें देऊळ' एवढेंच छापून मोकळा होणारा, या दोघांत आम्हांस भेद दिसत नाहीं. ज्या पाण्यावर पक्षी उतरतात त्याच्या खालीं शेतें व घरें होतीं, हेंहि त्या दृश्याच्या इतिहासांत मोडतें. भ्रमणध्वनीवरून हातोहात जाणारीं चित्रें तर स्थळ, काळ व छायाचित्रकार यांपैकीं कशाचीहि खूण बरोबर नेत नाहींत. त्यांच्या मानानें पैशाच्या कार्डावरचा अर्धवट शिक्काहि श्रीमंत म्हणावयाचा.

मग या परिसराच्या संग्राहकानें करावें काय? पहिली गोष्ट, 'संग्रह' या शब्दाचा अर्थ त्यानें वाढवावा. दुकानांत विकलेल्या कार्डांबरोबरच, छायाचित्रकारांनीं कार्डाच्या कागदावर उतरवून दिलेलीं घरगुती चित्रेंहि त्यांत यावींत. जत्रेस गेलेलें कुटुंब देवळापुढें उभें राहून चित्र काढवितें. कुटुंबास आपलीं माणसें हवीं असतात, पण त्यांच्या पाठीमागें देवळाची ओवरी, दीपमाळ, पार हीं आपोआप येतात. भीमाकांठच्या उठलेल्या गांवांतील कुटुंबांच्या पेट्या हें या दृष्टीनें मोठें दप्तर आहे. त्या गांवांत जे तरुणपणीं नांदले ते आज वृद्ध झाले आहेत. चित्रांतील जागा ओळखून सांगणारीं माणसें आहेत तोंवरच हें काम झालें पाहिजे. कागद पुढेंहि सांपडेल, ओळख सांपडणार नाहीं.

दुसरी गोष्ट, पाठीस पोटाइतकाच मान द्यावा. वहींत खळीनें कार्ड डकविलें म्हणजे अर्धा पुरावा कायमचा झांकला गेला. तिकिटांचे शौकीन तिकीट भिजवून सोडवितात. त्याबरोबर शिक्क्याचा अर्धा भाग जातो व कार्ड निर्वर्ष होतें. फाटकें, मळलेलें, परंतु लिहिलेलें व शिक्का असलेलें कार्ड हें कोऱ्या करकरीत कार्डाहून संशोधकास अधिक मोलाचें असतें. बाजारभाव नेमका उलट असला तरी हरकत नाहीं. दुर्मिळता ही विकणाऱ्याची कसोटी आहे. मजकूर खाजगी असल्यास तो छापण्यापूर्वीं घरच्यांची संमति घ्यावी, हें सांगावयास नको.

तिसरी गोष्ट, प्रत्येक कार्डाची नोंद चित्राच्या गुणावर न करतां गांववार करावी. दोन्ही बाजूंच्या प्रती, छापील मथळा जसा असेल तसा अक्षरशः, चित्र कोणत्या दिशेकडून घेतलें, त्यांत काय आहे व काय नाहीं, शिक्का, तिकीट, कार्ड कोणत्या घराण्याकडून आलें, एवढें एका पानावर यावें. आणि ज्या गांवाचें एकहि कार्ड नाहीं त्याचेंहि कोरें पान त्या गांवाच्या नांवानें ठेवावें. तें कोरें पान संग्राहकास आपलें काम काय उरलें आहे तें रोज सांगत राहील.

असें पान पुष्कळदां आजच्या आज भरतां येण्याजोगें असतें. बारामतीहून इंदापूरकडे जातांना लागणाऱ्या काटेवाडीचेंच घ्या. आषाढी वारींत तुकोबांची पालखी येथें येते तेव्हां परीट मंडळी तिच्यापुढें धोतरांच्या पायघड्या अंथरतात, व मेंढ्यांचें रिंगण होतें. या सोहळ्याचीं चित्रें दरवर्षीं असंख्य निघतात. पण त्यांत मेंढ्या व पताका असतात, रस्ता व गांव सहसा नसतो. पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला नोव्हेंबर १९२१ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्यें, बसली. रस्ता रुंद होतो तेव्हां कडेचीं झाडें, जुने पार, मोऱ्या व घरांचे ओटे यांचें रूप पालटतें. पायघड्या कोणत्या वळणावर अंथरल्या जात, रिंगण कोणत्या मोकळ्या जागीं होई, हें पुढील पिढीस सांगावयाचें असेल, तर वारीच्या दिवशीं एक चित्र व वारी पुढें गेल्यावर त्याच जागेवरून, त्याच दिशेनें रिकाम्या रस्त्याचें दुसरें चित्र घ्यावें. पाठीवर गांव, जागा, दिशा, तिथि व तारीख लिहावी. आणि तें कार्ड टपालांत टाकावें, म्हणजे सरकारचा शिक्का त्यावर साक्षीदार राहील. खर्च अल्प आहे. पळसदेवास १९८० पूर्वीं कोणी हें केलें असतें, तर आज आम्हांस पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागली नसती.