साक्ष एकाची, साथ अनेकांची

श्रद्धेतून जन्मलेल्या कलेविषयी दोन तक्रारी आपण नेहमी ऐकतो. रसिक म्हणतात, तिच्यात प्रवचनच फार. भाविक म्हणतात, तिच्यात कलाकुसरच फार, भक्ती कोठे आहे? या दोन तक्रारींच्या कात्रीत ख्रिस्ती कलावंत सापडतो आणि पुष्कळदा एका बाजूला शरण जाऊन आपली सुटका करून घेतो. ही कात्री टाळण्याचा प्रयत्न गेली वीस-बावीस वर्षे ज्या एका संगीतकाराने चिकाटीने केला आहे, त्या नील मोर्स या अमेरिकन कलावंताच्या काही ध्वनिमुद्रिकांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत पाहुणे वादक व गायक आहेत. या पाहुण्यांकडे केवळ शोभेची बाब म्हणून पाहिले, तर मोर्स यांच्या कलेचे मर्म हाती लागत नाही, असे मला वाटते. जेथे त्यांनी आपल्या साक्षीच्या घरात इतरांना ऐसपैस बसू दिले, तेथे ती साक्ष ऐकणाऱ्याचीही झाली. जेथे ते एकटेच बोलत राहिले, तेथे संगीत उत्तम असूनही त्याचे प्रवचन झाले.

प्रोग्रेसिव्ह रॉक हा संगीतप्रकार आपल्यापैकी अनेकांना अपरिचित असेल, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट अपुरी वाटू लागली. किंग क्रिम्झन या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६९ साली निघाली. येस, जेनेसिस आदी वाद्यवृंदही त्याच सुमारास या वाटेने निघाले. अनेक खंडांची दीर्घ रचना, मध्येच बदलणारे ताल, एकाच स्वरवाक्याचे निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा होणारे आगमन, ही पाश्चात्त्य अभिजात संगीताची सामग्री त्यांनी विजेच्या गिटारवर आणि कीबोर्डवर आणली. जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट' या १९७२ सालच्या तबकडीवरील 'सपर्स रेडी' ही रचना सुमारे तेवीस मिनिटांची असून तिच्या अखेरच्या भागात प्रकटीकरणाच्या पुस्तकातील प्रतिमांचा कल्लोळ आहे. पुढे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पंक संगीताची लाट आली, अभिरुची पालटली आणि मोठ्या कंपन्यांनी या प्रकाराकडे पाठ फिरवली. १९९०च्या दशकात त्याला पुन्हा पालवी फुटली, ती मुख्यतः छोट्या संस्थांच्या आणि निष्ठावंत श्रोत्यांच्या बळावर.

या दुसऱ्या बहरात 'स्पॉक्स बिअर्ड' हा वाद्यवृंद अग्रभागी होता. नील मोर्स आणि त्यांचे बंधू अ‍ॅलन यांनी तो १९९२ साली लॉस एंजेलिस येथे स्थापन केला. गीतकार, मुख्य गायक आणि कीबोर्डवादक या तिन्ही भूमिका नील यांच्याकडे होत्या. २००२ साली 'स्नो' ही दुहेरी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि नावारूपाला आलेला तो वाद्यवृंद त्यांनी सोडला. आपल्या ख्रिस्तश्रद्धेच्या हाकेला मोकळेपणी ओ देता यावी, हे त्याचे कारण होते. पुढे त्यांनी 'रेडियंट' ही स्वतःची संस्था उभी केली आणि 'इनर सर्कल' या नावाचे सभासद-श्रोत्यांचे मंडळ जोडले. आपल्या गाण्यात काय असावे हे बाजाराला विचारण्याची गरज त्यांना उरली नाही. स्वातंत्र्य मिळाले खरे. पण स्वातंत्र्याबरोबर एक धोकाही येतो. ज्याला कोणी अडवीत नाही, त्याला थांबण्याची वेळ सांगणाराही कोणी नसतो.

हा धोका २००३ सालच्या 'टेस्टिमनी' या आत्मचरित्रपर ध्वनिमुद्रिकेतच दिसतो. दोन तबकड्या, पाच भाग आणि दोन तासांहून अधिक संगीत! भटकलेल्या तरुणाची तगमग जेथे सुरांत उतरते, तेथे ती मनाला भिडते. परंतु अखेरच्या भागात आनंदाचा उद्घोष इतक्या वेळा होतो की, ऐकणारा थकतो. संत अगुस्तीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात परिवर्तनाचा क्षण किती थोडक्यात सांगितला आहे, हे येथे आठवावे. तरीही या ध्वनिमुद्रिकेत एक गोष्ट फार सूचक आहे. तिच्यात केरी लिव्हग्रेन यांचे पाहुणे म्हणून गिटारवादन आहे. लिव्हग्रेन हे कॅन्सस या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे संस्थापक-सदस्य. १९७९ साली ते ख्रिस्तानुयायी झाले आणि पुढे काही वर्षांनी त्यांनीही तो वाद्यवृंद सोडला. ज्या वाटेने मोर्स निघाले होते, त्या वाटेवर वीस वर्षे आधी चालून गेलेला प्रवासी येथे एक शब्दही न बोलता केवळ तारांवाटे सोबत करतो. दोन तासांच्या साक्षीत ही निःशब्द साक्ष मला अधिक बोलकी वाटते.

पुढच्या वर्षीची 'वन' ही ध्वनिमुद्रिका देव आणि मानव यांच्यातील ताटातूट व पुनर्भेट या विषयावर आहे. तिच्यातील 'क्रेडल टू द ग्रेव्ह' या गीतात फिल केगी या ज्येष्ठ गिटारवादकाचा कंठ मोर्स यांच्या कंठाबरोबर येतो. केगी यांच्या उजव्या हाताचे मधले बोट लहानपणीच्या अपघातात अर्धे तुटले. पण त्याच हाताने त्यांनी गिटारवर असामान्य प्रभुत्व मिळवले. गीत साधे आहे, चालही साधी आहे. दोन आवाज आल्यामुळे मात्र त्यात संवाद निर्माण होतो, आणि प्रार्थना ही मुळात संवादच असते, हे कोणी समजावून न सांगता उमगते.

माझ्या मते मोर्स यांची सर्वांत सुघटित कृती २००५ सालची आहे. तिचे नाव म्हणजे केवळ एक प्रश्नचिन्ह: '?'. विषय पाहिला तर अगदी रुक्ष: निर्गम ग्रंथातील निवासमंडप! लांबी-रुंदीची मापे, कड्या, पडदे, खांब. बायबलचे वाचनही जेथे पुष्कळांचे अडखळते, तेथे या संगीतकाराने मुक्काम केला. बारा गीते अखंडपणे एकमेकांत मिसळून सुमारे छपन्न मिनिटांची एकच रचना तयार होते. आणि नेमके येथेच पाहुण्यांचे संमेलन भरले आहे: ड्रीम थिएटरचे कीबोर्डवादक जॉर्डन रूडेस, स्वीडनचे रोइने स्टोल्ट, ज्यांना सोडून नील निघाले होते ते सख्खे बंधू अ‍ॅलन, आणि 'सपर्स रेडी'मध्ये गिटार वाजवणारे जेनेसिसचे स्टीव्ह हॅकेट. ड्रम्सवर माइक पोर्टनॉय आणि बेस गिटारवर रँडी जॉर्ज हे नेहमीचे साथीदार आहेतच.

इतकी नामवंत मंडळी जमली की, त्यांची नावेच वेष्टनावर मिरवतील, अशी भीती वाटते. पुष्कळ स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांची तीच शोकांतिका असते. आज वादक आपल्या घरच्या स्टुडिओत बसून आपला तुकडा वाजवून पाठवू शकतो. त्यामुळे पाहुणे मिळवणे सोपे झाले आहे, पण त्यांना रचनेत घर देणे अवघडच राहिले आहे. '?' मध्ये हे घर मिळाले आहे. पाहुण्याचे वादन येते, रचनेला पुढच्या दालनात नेऊन सोडते आणि बाजूला होते. निर्गम ग्रंथात मंडपाचे काम बसालेल आणि अहलियाब या कारागिरांकडे सोपवले जाते, आणि बसालेल देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झाल्याचे आपण वाचतो. तो आत्मा त्याला भाकीत करण्यासाठी दिलेला नाही, तर सोन्या-रुप्याचे, पितळेचे आणि लाकडाचे काम करण्यासाठी दिलेला आहे. लोक इतकी अर्पणे आणू लागतात की, आता पुरे, असे मोशेला जाहीर करावे लागते. मोर्स यांच्या या रचनेची घडण तिच्या विषयाशी अशी एकरूप झाली आहे: मंडप अनेकांच्या हातांनी उभा राहतो, आणि आतील जागा मात्र कोणाही कारागिराच्या नावावर नसते.

२००७ साली 'सोला स्क्रिप्चुरा' प्रसिद्ध झाली. विषय मार्टिन ल्यूथर. सुमारे शहात्तर मिनिटांत अवघी चार गीते. त्यांतील 'द डोअर' हे पहिले गीतच एकोणतीस मिनिटांचे आहे. संगीताच्या दृष्टीने ही मोर्स यांची सर्वांत आवेशपूर्ण कृती आहे, हे नमूद केले पाहिजे. पॉल गिल्बर्ट यांच्या गिटारचा वेग आणि धार थक्क करणारी आहे. परंतु कॅथोलिक श्रोत्याला, आणि त्यातही धर्मगुरूला, ती ऐकताना अस्वस्थ व्हावे लागते. 'मर्सी फॉर सेल' या खंडात पापदंडमाफीच्या बाजारावर कोरडे ओढले आहेत. ते आपण मान खाली घालूनच ऐकावेत. तो बाजार झाला होता आणि ट्रेंटच्या परिषदेलाही (१५४५–६३) त्याला आळा घालावा लागला, हा इतिहास आहे.

माझा आक्षेप टीकेला नाही. प्रकटीकरणातील व्यभिचारिणीचे रूपक ख्रिस्तसभेवर बसवून तिच्यातून बाहेर पडण्याची हाक देणे, आणि या हाकेसमोर दुसरा एकही आवाज उभा न करणे, हा या कृतीतील दोष आहे, आणि तो जितका धर्मशास्त्रीय तितकाच नाट्यात्म आहे. संघर्ष म्हटला की दोन पक्ष हवेत. ल्यूथरशी वाद घालणारा, त्याच्यावर प्रेम करणारा, त्याच्याविषयी शंका घेणारा असा कोणी येथे गात नाही. १५२५ सालचे शेतकऱ्यांचे बंड आणि त्याबाबत ल्यूथरने घेतलेली कठोर भूमिका, १५४३ साली त्याने यहुदी लोकांविरुद्ध लिहिलेली कटू पुस्तिका, यांची सावलीही या चित्रावर पडत नाही. पाहुणा कलावंत आहे. पण त्याच्याकडे गिटार दिली आहे, बाजू दिलेली नाही. ज्या ल्यूथरने भजन हे साऱ्या मंडळीच्या मुखी यावे म्हणून स्वतः गीते रचली, त्याची कथा मुख्यतः एकाच कंठातून ऐकावी लागावी, हा विपर्यासच म्हणायचा. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ल्यूथरच्या प्रबंधांच्याच तारखेला, ऑग्सबर्ग येथे कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि जागतिक लुथरन महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावरील संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. दोन्ही घरे एकमेकांशी बोलू लागल्यानंतर आठ वर्षांनी ही ध्वनिमुद्रिका निघाली आहे, आणि तिच्यात त्या संभाषणाचा एक स्वरही नाही.

मोर्स येथेच थांबले असते, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. २०११ साली 'टेस्टिमनी टू' आली. तिच्यात स्पॉक्स बिअर्डच्या दिवसांची आणि त्या वियोगाची कथा आहे. 'टाइम चेंजर' या गीतात अ‍ॅलन मोर्स, डेव्ह मेरोस आणि निक डिव्हर्जिलिओ हे जुने सहकारी येऊन गातात. अनेक आवाज एकमेकांत गुंफले जाऊन स्वरांचे एक गमतीदार जाळे तयार होते. ज्यांना सोडून आपण निघालो, त्यांच्याच मुखी आपल्या कथेचा एक भाग देणे, याला मोठेपणा लागतो. आणि येऊन तो गाणे, यालाही. परिवर्तनाच्या कथा सांगणारे आपण लोक मागे राहिलेल्यांची बाजू क्वचितच सांगतो. येथे ती बाजू शब्दांनी मांडलेली नसली, तरी तिचा आवाज हजर आहे.

या वाटेचा पुढचा टप्पा म्हणजे २०१९ सालची 'जीझस क्राइस्ट द एक्झॉर्सिस्ट' ही संगीतिका. प्रभू येशूची भूमिका मोर्स यांनी स्वतःकडे घेतलेली नाही. ती टेड लेनर्ड यांनी गायिली आहे. मरिया माग्दालेना टॅलन डेव्हिड यांनी, सैतान रिक फ्लोरियन यांनी, तर यहुदा निक डिव्हर्जिलिओ यांनी. डिव्हर्जिलिओ हे मोर्स गेल्यानंतर स्पॉक्स बिअर्डचे मुख्य गायक झाले, आणि त्यांच्यानंतर ती जागा लेनर्ड यांच्याकडे आली. सोडून दिलेल्या घराचे दोन्ही उत्तराधिकारी येथे एकमेकांसमोर उभे आहेत: एक प्रभूच्या रूपात, दुसरा त्याला धरून देणाऱ्याच्या रूपात. या कृतीतही उणिवा आहेत. शुभवर्तमानातील प्रसंग भराभर उरकल्यासारखे वाटतात आणि काही ठिकाणी रॉकचा गोंगाट दुःखाला बोलू देत नाही. परंतु यहुदाला येथे स्वतःचा कंठ मिळाला आहे. ल्यूथरच्या कथेत जे घडले नाही, ते येथे घडले: प्रतिपक्षाला गाता आले.

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या वाचकाला यात परके काही वाटू नये. रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. पतीच्या धर्मांतराने जिचा संसार एकदा मोडून पडला होता, तिच्याच हातून पतीचे श्रद्धाकाव्य तडीस गेले. साक्ष एकाने आरंभावी आणि जिला तिची झळ लागली तिने ती पुरी करावी, याहून खरी साक्ष कोणती? आजही आपल्या भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिका निघतात. पाहुण्या गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते. पण त्याच्या आवाजाची त्या गीताला गरज का होती, हा प्रश्न आपण विचारीत नाही. तो विचारला, तर गीतेही बदलतील.

मोर्स यांच्याकडे वळू इच्छिणाऱ्याने 'टेस्टिमनी'च्या दोन तासांपासून आरंभ करू नये. '?' पासून करावा, तीही अखंड आणि शांतपणे ऐकावी; तासाभराचेच काम आहे. मग 'टाइम चेंजर' ऐकावे. 'सोला स्क्रिप्चुरा' मात्र सर्वांत शेवटी, शक्य असल्यास एखाद्या प्रोटेस्टंट मित्रासमवेत ऐकावी. तिच्यात जो दुसरा आवाज नाही, तो ऐकणाऱ्यांच्या संभाषणात तरी उमटू शकेल.