वय, पोक्तपणा आणि रुग्णालयातील नेतृत्व : एका प्रश्नावलीच्या निमित्ताने

पदव्युत्तर प्रबंधांतून अलीकडे एक विषय वारंवार दृष्टीस पडतो : आरोग्यसेवेत नेतृत्व करणाऱ्या व्यक्तींचे वय आणि त्यांची ‘भावनिक बुद्धिमत्ता’ यांचा परस्परसंबंध. अशाच एका संशोधनासाठी परळ भागातील वरिष्ठ परिचारिकांना द्यावयाच्या प्रश्नावलीचा मराठी अनुवाद तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु तो अनुवाद वाचीत असता असे जाणवले की, या प्रश्नाचे निम्मे उत्तर प्रश्न विचारण्यापूर्वीच भाषेने देऊन टाकलेले आहे.

सॅलोव्ही व मेयर यांनी १९९० साली ही संकल्पना मांडली आणि १९९५ साली गोलमन यांच्या ग्रंथाने ती सर्वत्र पसरविली. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्या जाणिवेचा विचारासाठी व आचरणासाठी उपयोग करणे, हे तिचे मूळ स्वरूप होय. मराठीतील रूढ प्रतिशब्द मात्र सुखाचा नाही. ‘भावनिक होऊ नका’ असे आपण ज्या अर्थाने म्हणतो, तो अर्थ या विशेषणाला घट्ट चिकटलेला आहे. एखाद्या अधिसेविकेने ‘मी मुळीच भावनिक नाही’ असे अभिमानाने सांगितले, तर हा गुण आपल्या अंगी आहे असे तिने सांगितले की नाही असे, हे ठरविणे कठीण.

या अडचणीतून सुटण्यासाठी अनुवादकाने घरगुती शब्दांचा आश्रय घेतला होता : समजूतदारपणा, पोच, पोक्तपणा. हेतू चांगला, परंतु खरा घोटाळा येथेच झाला. ‘पोक्त’ हा शब्द फारसी ‘पुख्ता’पासून आलेला; त्याचा मूळ अर्थ शिजलेला, पिकलेला. मराठीत तो एकाच वेळी वयाचाही वाचक आहे आणि शहाणपणाचाही. ‘प्रौढ’ची गोष्ट तीच. उलट बाजूला ‘पोरकट’ आणि ‘बालिश’ उभे आहेत, आणि ‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ हा वाक्प्रयोग तर वयालाच पुरावा म्हणून पुढे करतो. आता ‘कठीण प्रसंगी मी पोक्तपणे वागते’ या विधानापुढे अठ्ठावीस वर्षांची परिचारिका संकोचाने मधला पर्याय निवडील, आणि पंचावन्न वर्षांची बाई निःशंकपणे ‘नेहमी’ यावर खूण करील. यातून जो सहसंबंध निघेल तो दोन व्यक्तींच्या अंतःकरणांतील नव्हे, शब्दकोशातील होय. (भाषा अर्थात एकमुखी नसते. ‘साठी बुद्धी नाठी’ हीही आपलीच म्हण.)

रुग्णालयाच्या बोलीत वयाची व्यवस्था आणखी निराळी आहे. तेथे बावीस वर्षांची मुलगीही ‘सिस्टर’ आणि निवृत्तीला टेकलेली बाईही ‘सिस्टर’च. वयानुसार नाते जोडले जाते ते आयाबाईंशी व वॉर्डबॉयशी : त्या मावशी, ते मामा. घाबरलेल्या नातेवाइकाची समजूत घालण्याचे काम प्रत्यक्षात पुष्कळदा या मावशीच करतात, पण नेतृत्वाच्या अभ्यासात त्यांना स्थान नसते.

दुसरा दोष रचनेचा आहे. सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका ही शिडी मुख्यतः सेवाज्येष्ठतेने चढली जाते. तेव्हा नेतृत्वपदावरील व्यक्तींपुरतेच पाहिले तर वय, हुद्दा आणि अनुभव ही तीन सूत्रे एकाच पिळात वळलेली असतात. त्यांतील एक उपसून ‘हा वयाचा परिणाम’ असे म्हणण्यास आधार उरत नाही. शिवाय वेगवेगळ्या वयाच्या माणसांना एकाच दिवशी मोजल्याने कोणी काळानुसार बदलले की नाही, हे कळण्याचा मार्गच नाही. स्पेनमध्ये बारा हजारांहून अधिक प्रौढांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या कसोटीत स्वतःविषयीचे मत विचारलेले नसून भावनाविषयक प्रश्न सोडवावयास दिले होते. तेथे एकूण आलेख वयाबरोबर सरळ चढत गेला नाही. मध्यमवयीन सर्वांत वर, तरुण व वृद्ध त्यांच्या खाली, असा तो निघाला. आपल्या प्रबंधांतील ‘वय वाढते तशी समज वाढते’ हा निष्कर्ष इतक्या सहजपणे हाती येतो, यानेच सावध व्हावयास हवे.

हा गुण व्यक्तीच्या वयाबरोबर वाढतो असे गृहीत धरण्यापूर्वी परळमधीलच एक उदाहरण पाहावे. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन पावेपर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांच्या शुश्रूषेत होत्या. त्यांना अन्यत्र हलविण्याचा महापालिकेचा प्रयत्न परिचारिकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. ७ मार्च २०११ रोजी दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या पिंकी विराणी यांचा नसून रुग्णालयातील सेवकवर्गाचा मानला. त्या भूमिकेच्या योग्यायोग्यतेचा वाद स्वतंत्र आहे आणि तो सोपा नाही. येथे एक साधे गणित पाहावे. निवृत्तीचे वय ५८ धरले, तर २०१५ साली सेवेत असलेली सर्वांत ज्येष्ठ परिचारिका १९७३ साली फार तर सोळा वर्षांची असणार. चाळिशीच्या आतील परिचारिकेचा तर जन्मही झालेला नव्हता. ज्यांनी शानबाग यांच्यासोबत काम केले होते त्या सर्वजणी केव्हाच निघून गेल्या होत्या, अधिष्ठाते आणि अधिसेविका बदलल्या होत्या. तरी पाळ्या चुकल्या नाहीत. नव्या मुलीला हे कोणी शिकविले? वयाने निश्चितच नाही. तिच्या आधीच्या पाळीच्या सिस्टरने.

प्रश्नावली परत करताना ‘पोक्तपणा’ असलेली विधाने मी खोडली आणि त्यांच्या जागी प्रसंग घातले : रात्रपाळीत मृताचे नातेवाईक आरडाओरडा करीत असता तुम्ही प्रथम कोणाशी बोलता, आणि काय बोलता? वयाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने जोडण्यास सुचविले : या वॉर्डात किती वर्षे, आणि पहिली तीन वर्षे कोणाच्या हाताखाली.