‘व्हिजन्स ऑफ जेरार्ड’ : एका बालसंताचे स्मरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून क्वेबेकमधील लाखो फ्रेंच भाषिक कॅथलिक शेती सोडून अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत आले. भाषा गेली की श्रद्धाही जाईल, या भयाने त्यांनी स्वतःचे धर्मग्राम, धर्मभगिनींच्या शाळा आणि वृत्तपत्रे उभारली. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल हे असेच एक गिरणगाव. तेथे १९२२ साली जन्मलेल्या जॅक केरुअॅक यांच्या घरी शाळेच्या वयापर्यंत सारे बोलणे फ्रेंचमध्येच होते. १९२६ साली त्यांचा नऊ वर्षांचा थोरला भाऊ संधिवाताच्या तापाच्या विकाराने निवर्तला. त्याच्या स्मरणातून लिहिलेली ही इंग्रजी कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली.

धर्मशिक्षण पुस्तकापेक्षा घरातून व वस्तीतून कसे मुरते, याचे इतके सूक्ष्म दर्शन क्वचितच घडते. जेरार्ड सापळ्यातील उंदराला घरी आणून त्याची शुश्रूषा करतो. मांजर तो उंदीर खाते, तेव्हा तो मांजराला गंभीरपणे उपदेश करतो. शाळेत डुलकी लागली असता त्याला पवित्र मरियेचे दर्शन घडते. त्याच्या मृत्युशय्येपाशी धर्मभगिनी त्याचे शब्द टिपून घेतात. कोणत्याही अधिकृत घोषणेवाचून एका श्रमिक वस्तीने आपल्या लेकराला संत मानले, हे लेखकाने अत्यंत आदराने रेखाटले आहे.

तथापि, येथेच आमचा आक्षेप आहे. १९५६ साली ही कादंबरी लिहिताना केरुअॅक बौद्ध विचारात गढलेले होते. त्यामुळे स्वर्गाची चित्रे वारंवार येऊनही निवेदकाचे अंतिम सांत्वन, सारे दुःख स्वप्नवत आहे, या विचारावर विसावते. त्या विचाराच्या थोरवीविषयी आम्हांस आदर आहे. परंतु लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू रडले, आणि पुनरुत्थित प्रभूच्या देहावरही जखमांच्या खुणा राहिल्या. ख्रिस्ती श्रद्धा दुःखाला आभास म्हणत नाही. खरे तर लेखकाचा शोकच त्याच्या सिद्धान्ताचे खंडन करतो. जे दुःख तीस वर्षांनंतरही असे लिहविते, ते स्वप्न कसे असेल?

मग बालपणी इतके भरभरून मिळालेले धर्मशिक्षण प्रौढपणी अपुरे का पडले? आमच्या मते, त्या वस्तीने मुलाला मरणाची सुंदर चित्रे दिली. पण निरपराधाचे दुःख का, हे विचारण्याची मुभा कादंबरीत तरी फारशी दिसत नाही. घरी मराठीत प्रार्थना करणारी आणि शाळेत कन्नड वा इंग्रजी शिकणारी मुले ज्यांच्या हाती आहेत, त्या सीमाभागातील धर्मशिक्षकांनी हे ध्यानी घ्यावे. प्रार्थनेची भाषा जपणे हे अर्धेच कार्य होय. त्याच भाषेत देवाला जाब विचारता आला, तरच ती मोठेपणीही प्रार्थनेची भाषा राहील.