वेगमर्यादेचे सूत्र आणि नळाची झीज

औद्योगिक नळातून प्रवाही पदार्थ किती वेगाने नेल्यास नळाची झीज होणार नाही, या प्रश्नाला अनेक आराखडा-कार्यालयांत एकाच लहानशा सूत्राने उत्तर दिले जाते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने समुद्रातील तेलफलाटांच्या नळजोडणीसाठी काढलेल्या ‘१४-ई’ या शिफारसपत्रिकेत ते आहे. स्थिरांक १०० घ्यावा, त्याला घनतेच्या वर्गमूळाने भागावे, की सतत चालणाऱ्या नळातील कमाल वेग फूट-सेकंदांत मिळतो. घनता अर्थात घनफुटास पौंड या मानाने घ्यावयाची. अधूनमधून चालणाऱ्या नळास हाच स्थिरांक १२५ होतो. सूत्राचा सुटसुटीतपणा मोहक आहे, आणि त्याच्या प्रसाराचे बरेचसे श्रेय या सुटसुटीतपणालाच द्यावे लागेल. ते ज्या झिजेविरुद्ध संरक्षण देण्याचा दावा करते, त्या झिजेशी त्याचा संबंध कितपत आहे, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

सूत्रातील स्थिरांक ही निव्वळ संख्या नाही; मापनपद्धती बदलली की तो बदलतो. मीटर-किलोग्रॅम पद्धतीत १०० चे सुमारे १२२ होतात. याचाच अर्थ असा की घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर सूत्राने एक मर्यादा घातली आहे. तिच्यावरून प्रवाहाचा गतिज दाब काढला तर तो सुमारे ७.४ किलोपास्कल, म्हणजे पाऊण मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका भरतो. साध्या पोलादास कायमचा बाक आणण्यास २५० मेगापास्कलच्या आसपास ताण लागतो. वाळू नसलेल्या, न गंजविणाऱ्या स्वच्छ प्रवाहाने एवढ्या दाबाखाली पोलाद कोरले जावे, ही कल्पनाच पटण्यासारखी नाही. अशा प्रवाहाला सूत्र विनाकारण जखडून ठेवते. सालामा व वेंकटेश यांनी १९८३ मध्येच या मर्यादेच्या आधाराविषयी शंका उपस्थित केली होती. १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत घनकणविरहित व गंजाचे भय नसलेल्या प्रवाहासाठी १५० ते २०० पर्यंतचा स्थिरांक चालेल असे म्हटले गेले, ते योग्यच झाले.

वाळू असेल तेव्हा मात्र दोष उलट्या बाजूचा, आणि म्हणून अधिक गंभीर ठरतो. घनता कमी तितकी वेगाची मुभा जास्त, असे सूत्र सांगते. घनमीटरास १००० किलोग्रॅम घनतेच्या पाण्यास ते सुमारे ३.९ मीटर-सेकंदाची परवानगी देते, तर ५० किलोग्रॅम घनतेच्या वायूस १७ मीटरांहून अधिक वेगाची. आता वाळूचा कण पाण्यात असला तर बाकाजवळ पाणी त्याला आपल्याबरोबर वळवून नेते, भिंतीवर आदळण्यापूर्वी त्याचा जोरही मोडते. विरळ वायूला हे साधत नाही. कण सरळ जाऊन भिंतीवर आपटतो. कणांच्या आघाताने होणारी पोलादाची झीज वेगाच्या सुमारे २.६ व्या घातानुसार वाढते. इतर सर्व गोष्टी समान धरल्या तरी साडेचारपट वेगाने झीज जवळजवळ पन्नासपट होते. जेथे सावधगिरी हवी तेथेच सूत्र सैल होते. घनकण अपेक्षित असल्यास वेग बराच कमी करावा, अशी सूचना पत्रिकेत आहे हे खरे. पण किती कमी, हे तिच्यातून कळत नाही.

झिजेचा तिसरा प्रकार सूत्राच्या दृष्टीच्या पूर्णपणे बाहेर आहे. जपानमधील मिहामा येथील अणुवीजकेंद्राच्या तिसऱ्या संचात ९ ऑगस्ट २००४ रोजी पाण्याचा एक मोठा नळ फुटला आणि उसळलेल्या वाफेने ५ कामगारांचा बळी घेतला. आणखी ६ जण भाजले. नळ कार्बन-पोलादाचा, बाह्य व्यास सुमारे ५६० मिलिमीटर, मूळ जाडी १० मिलिमीटर. फुटलेल्या जागी ती कोठे कोठे ०.४ मिलिमीटरपर्यंत उतरली होती. पाणी सुमारे १४० अंश सेल्सियसचे, प्रवाह तासाला सुमारे १७०० घनमीटर. हिशेब केल्यास सरासरी वेग २ मीटर-सेकंदांच्या आसपास येतो. सूत्राची मर्यादा त्या तापमानाच्या पाण्यास सुमारे ४ मीटर आहे. ही पत्रिका अणुवीजकेंद्रांसाठी लिहिलेली नाही, तेव्हा या दुर्घटनेचा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु ‘वेग मर्यादेच्या निम्मा आहे, म्हणून भिंत सुरक्षित आहे’ या विचारसरणीला याहून कठोर उत्तर शोधून सापडणार नाही. येथे भिंत खरवडली गेली नव्हती; पोलादावरील लोह-ऑक्साइडाचा संरक्षक थर पाण्यात विरघळत होता आणि संक्षुब्ध प्रवाह विरघळलेले लोह सतत दूर नेत होता. तापमान, पाण्यातील रसायने, पोलादातील क्रोमियमचा अंश यांवर ही क्रिया अवलंबून असते. सूत्रात यांपैकी कशालाही स्थान नाही.

नळ फुटला तो प्रवाहमापनासाठी बसविलेल्या छिद्रपट्टिकेच्या पुढील भागात, ही बाब विशेष लक्षणीय आहे. छिद्रातून निघणारी धार आकुंचन पावते, तिच्याभोवती भोवरे फिरतात, आणि पुढील एकदोन व्यासांच्या अंतरात भिंतीवरील संक्षोभ सरळ नळातल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. सरासरी वेगाला याची दाद नसते. ती जागा तपासणीच्या यादीतून वर्षानुवर्षे सुटली होती. चूक लक्षात आल्यावर १४ ऑगस्टला सुरू होणाऱ्या तपासणीत ती घेण्याचे ठरले होते.

शिवाय सूत्राला पुरविला जाणारा वेग बहुधा अशाच मापकावरून येतो. छिद्राची धार तीक्ष्ण राहिली तरच त्याचे माप भरवशाचे. प्रमाणभूत नियमानुसार धारेची गोलाई छिद्राच्या व्यासाच्या ०.०००४ पटीपेक्षा जास्त नसावी, म्हणजे १०० मिलिमीटरच्या छिद्रास अवघी ०.०४ मिलिमीटर. धार झिजून गोल झाली की त्याच प्रवाहाला दाबातील फरक कमी पडतो आणि मापक प्रत्यक्षाहून कमी प्रवाह दाखवितो. अर्ध्या उघड्या ठेवलेल्या फाटक-झडपेचेही असेच आहे: नळातील सरासरी वेग मर्यादेत, पण पाचर आणि बैठक यांमधल्या फटीतील वेग त्याच्या अनेकपट.

नॉर्वेतील डेट नॉर्स्के व्हेरिटास संस्थेची ओ-५०१ ही शिफारसपत्रिका वाळूच्या झिजेपुरती याहून पुढे गेलेली आहे. वाळूचे प्रमाण, कणांचा आकार, त्यांचा वेग, बाक आहे की जोड आहे, हे सारे तिला सांगावे लागते, आणि उत्तर वेगमर्यादेच्या रूपात न मिळता वर्षाला झिजणाऱ्या मिलिमीटरांत मिळते. रासायनिक विरघळणे तिच्याही कक्षेबाहेर आहे. तेथे जाडीचे प्रत्यक्ष मापन करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते प्रथम छिद्रपट्टिका, नियंत्रक झडपा व बाक यांच्या पुढील भागांत करावयास हवे.