जोतं उंच केलं की पूर कुठे जातो?

पूर आणि नगररचना या विषयावर संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘अतिक्रमण’ हा शब्द येईल, असं मी पैजेवर सांगू शकते. उपग्रहाचं चित्र घ्यायचं, त्यावर पूररेषा टाकायची, आतली घरं मोजायची आणि अतिक्रमण इतके टक्के वाढलं असा निष्कर्ष काढायचा. असं काम वाईट नसतं. पण त्यात एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते, की रेषेच्या आतलं घर म्हणजे नियम मोडून बांधलेलं घर. प्रत्यक्षात परवाना घेऊन, शुल्क भरून, नकाशा मंजूर करूनही पूरक्षेत्र भरून टाकता येतं. म्हणून आज कुठल्या पुस्तकाचं नाही, तर एका नियमाचं परीक्षण करते.

उदाहरण कोल्हापूरचं घेऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं आणि या वेळी पातळी ५६ फुटांच्याही वर गेली. या दोन पुरांच्या मधोमध, २ डिसेंबर २०२० रोजी, राज्याने मुंबई व काही अपवाद वगळून सर्व शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. आपण जिला यूडीसीपीआर म्हणतो, तीच ही. २०१९ च्या पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल त्याच वर्षी मे महिन्यात आलेला होता. म्हणजे पुराचा विसर पडला होता, ही सबब इथे चालणार नाही.

नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात पूररेषांचा नियम आहे. दोन रेषा आहेत, निळी आणि लाल. निळी ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही व्याख्या पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून चालत आली आहे. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र: बाग, वाहनतळ, ओट्यांची भाजी मंडई, स्मशानभूमी असल्याच गोष्टींना परवानगी. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. इथे बांधता येतं, मात्र जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं.

पहिल्या वाचनात हे समंजस वाटतं. आता दुसऱ्यांदा वाचा, आणि वाचताना पाण्याचा विचार करा.

लाल रेषेच्या आत जमीन पूरपातळीपेक्षा दीड मीटर खाली असेल तर जोतं जवळजवळ दोन मीटर उचलावं लागेल. नियम उंची सांगतो. ती भराव टाकून गाठायची की खालचा भाग मोकळा ठेवून खांबांवर, हे मूळ मजकुरात नाही. ५०० चौरस मीटरच्या प्लॉटवर दोन मीटर भराव म्हणजे एक हजार घनमीटर. १० हजार लिटरचे १०० टँकर मावतील एवढी जागा पुराकडून काढून घेतली. एका प्लॉटने काही बिघडत नाही. पण परवाना प्लॉटनिहाय मिळतो आणि बेरीज कुणीच करत नाही. ते पाणी शेजारच्या जुन्या, बुटक्या घरात जातं, किंवा नदीपलीकडच्या गावात, जिथे मंजुरी देणारं कार्यालयही वेगळं असतं.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. पूर ही सामाईक घटना आहे आणि नियम तिला एका इमारतीच्या उंचीचा प्रश्न समजतो. अमेरिकेच्या पूरविमा योजनेतले नियमही काही आदर्श नाहीत, तिथेही काठावर भराव चालतो. पण तिथे पुराच्या वाहत्या पट्ट्याची हद्द ठरवताना एक हिशेब करावा लागतो: बाहेरचा सगळा भाग भरला गेला तरी पूरपातळी एकूण एका फुटापेक्षा जास्त वाढता कामा नये. ‘एकूण’ हा शब्द तिथे नियमात आहे. आपल्याकडे नाही.

आणखी दोन कलमं वाचताना पेन्सिल हातात ठेवा. निषिद्ध क्षेत्रातल्या अधिकृत जुन्या इमारतींचा पुनर्विकास उंच जोत्याच्या अटीवर आणि पाटबंधारे विभागाच्या ना हरकतीने होऊ शकतो. आणि प्लॉटचा काही भाग पूररेषेत गेला तर त्याचा एफएसआय उरलेल्या भागावर वापरता येतो. या दुसऱ्या तरतुदीला लगेच नावं ठेवू नका. केंद्राने पूरक्षेत्र नियमनाचं आदर्श विधेयक १९७५ मध्ये राज्यांकडे पाठवलं, पण मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला. जमीनमालकाला भरपाई कोण देणार, हा प्रश्न तिथे मोठाच अडसर आहे. एफएसआयची सवलत ही त्या प्रश्नाला दिलेली बिनपैशाची तोड आहे, आणि मला ती समजते. फक्त तिचा परिणाम असा, की पाण्याच्या अगदी कडेला जास्त माणसं राहायला येतात.

ती माणसं कोरडी राहतील, पण अडकतील. जोतं उंच आहे, रस्ता नाही. दूध, औषध, डायलिसिसचा रुग्ण, सगळं बोटीने. शिवाय ‘१०० वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. दरवर्षी एक टक्का शक्यता धरली, तर ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. हा आकडा स्वतः काढून बघा, दोन ओळींचं गणित आहे.

आता ‘अतिक्रमण’ शब्दाकडे परत येते. कोल्हापुरात सुतारवाड्यातल्या कुटुंबांना पाणी वाढलं की सर्वांत आधी हलवावं लागतं. जयंती नाल्यात नदीचा फुगवटा शिरतो आणि पाणी मागून येतं. असल्या वस्त्या उपग्रहाच्या चित्रात लगेच दिसतात आणि शोधनिबंधात ‘अतिक्रमण’ ठरतात. दोन मीटर भरावावरची मंजूर इमारत त्याच तक्त्यात ‘नियमानुसार’ या रकान्यात जाते. शब्द निवडताना तुम्ही दोष कुणाचा हेही ठरवत असता.

म्हणून मोजणी करा, पण तक्ता वेगळा करा. एखादाच प्रभाग घ्या. माहिती अधिकारात निळी ते लाल रेषेमधल्या बांधकाम परवान्यांच्या फाइली मागा. पुराच्या खुणा अजून भिंतींवर आहेत, त्यांची उंची घ्या आणि भराव पडण्याआधी व नंतर त्याच गल्लीत पाणी कुठवर आलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. दोन पुरांत पाऊस आणि विसर्ग वेगळे होते, तेव्हा फरक थेट भरावाच्या माथी मारू नका. त्यासाठी जलशास्त्राच्या विभागातला एखादा मित्र लागेल. फाइलीत जोत्याची पातळी नक्की लिहिलेली असेल, कारण नियम ती मागतो. भरावाचं घनमान कुठे नोंदलंय का, तेही शोधा.