केवल, मिश्र, संयुक्त : एका उसन्या वर्गीकरणाची चिकित्सा

लखनौच्या मानक नगरात भारतीय रेल्वेची ‘आरडीएसओ’ ही संशोधन संस्था आहे. तेथे वाढणारे मराठी मूल इंग्रजीच्या तासाला सिंपल, काँप्लेक्स, कंपाउंड ही वाक्यत्रयी शिकते, हिंदीच्या तासाला सरल, मिश्र, संयुक्त. आणि मराठी व्याकरण हाती आलेच, तर केवल, मिश्र, संयुक्त. तीन भाषांत एकच वर्गीकरण आढळावे, हा भाषांच्या साम्याचा पुरावा मानायचा की व्याकरणकारांच्या उसनवारीचा?

ही त्रयी इंग्रजीतही फारशी जुनी नाही. लिंडले मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणात वाक्याचे दोनच प्रकार आहेत. मिश्र वाक्याचा स्वतंत्र वर्ग एकोणिसाव्या शतकात, जर्मन वैयाकरण बेकर यांच्या वाक्यविचाराच्या प्रभावाने स्थिरावला. आपल्या परंपरेचा प्रश्न मुळात वेगळा होता. वार्तिककारांनी एका आख्याताची, तर मीमांसकांनी अर्थैक्याची व परस्पर आकांक्षेची कसोटी लावली, ती वाक्याची सीमा ठरविण्यासाठी. कामताप्रसाद गुरू यांच्या ‘हिंदी व्याकरणा’ने (१९२०) इंग्रजी व्याकरणाची धाटणी आणि मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चे (१९११) ऋण ही दोन्ही मान्य केली आहेत. उसनवारीचा हा प्रवास अशा रीतीने भाषा-भाषांतून झालेला दिसतो.

उसनवारी हा स्वतःच दोष नव्हे. उसने माप आपल्या वस्तूला लागू पडते का, एवढेच पाहायचे. ‘बाबा आल्यावर आम्ही जेवलो’ हे वाक्य प्रचलित कसोटीने केवल ठरते, कारण त्यात क्रियापद एकच. ‘जेव्हा बाबा आले, तेव्हा आम्ही जेवलो’ हे मात्र मिश्र. वस्तुतः दोहोंत कर्ते दोन, क्रिया दोन आणि कालसंबंधही तोच. इंग्रजीतही धातुसाधितांची रचना असते. परंतु असा आशय सांगताना ती भाषा सहसा गौण वाक्याकडे वळते. मराठीत ‘ऊन’, ‘ताना’, ‘ल्यावर’, ‘लेला’ हीच वाक्ये जोडण्याची नित्याची साधने आहेत. इंग्रजीत जे परिघावर, ते येथे केंद्रस्थानी आहे. आणि वर्गीकरणाला नेमके तेच दिसत नाही.

मिश्र वाक्याच्या कक्षेतही अडचण आहे. ‘ज्याने जे मागितले, त्याला ते मिळाले’ यातील गौण वाक्य कोणत्या नामाचे विशेषण? ‘त्याला’चे म्हणावे तर ‘ते’ उरते, ‘ते’चे म्हणावे तर ‘त्याला’. एक गौण वाक्य एका नामाला विशेषित करते, हे इंग्रजी गृहीतक येथे कोलमडते. ‘जो–तो’ची रचना अधीनतेची कमी आणि जोडीची अधिक आहे.

तौलनिक अभ्यासकासाठी हा केवळ शालेय परिभाषेचा प्रश्न नाही. एखाद्या इंग्रजी कादंबरीच्या मराठी अनुवादात मिश्र वाक्ये घटलेली पाहून अनुवादकाने शैली सोपी केली, असा निष्कर्ष काढणे सहज शक्य आहे. तो बहुधा चुकीचा ठरेल. गुंतागुंत नाहीशी झालेली नसते, ती धातुसाधितांत गेलेली असते. म्हणून शैलीची मोजणी करताना क्रियापदांऐवजी विधेये मोजावीत, आणि धातुसाधितांची नोंद स्वतंत्र ठेवावी. वर्गातील त्रयी राहिली तरी चालेल. तिच्यावरून गद्याच्या प्रगल्भतेचा निवाडा मात्र करू नये.