थरांचं चित्र आणि सरकता उजेड

मंडळी, फोकस स्टॅकिंग म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, फोकस पुढून मागे थोडाथोडा सरकवत दहा-वीस फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला स्पष्ट भाग सॉफ्टवेअरनं एकत्र जोडायचा. अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बारीक केलं, तर खोली वाढते, पण विवर्तनानं सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून एफ/८ वर थर घ्यायचे. इथवर कुणाचा वाद नाही.

आमचा आक्षेप पुढचा आहे. शनिशिंगणापूरची शिळा सुमारे साडेपाच फुटांची, काळी, डोक्यावर छप्पर नाही. तिथल्या पूजेच्या ताटाचं स्थिरचित्र करायचं ठरवलं, असं समजा. रुईची माळ, काळे उडीद, तेलाची वाटी, उजेड आभाळाचा. उडदाचा दाणा हलत नाही, पण तेलावरची चमक ढगाबरोबर बदलते. पहिल्या आणि विसाव्या फ्रेममध्ये दोन मिनिटं गेली, तर पुढची पानं उन्हात आणि मागची वाटी सावलीत, असं कधीच न घडलेलं दृश्य तयार होतं. चमकेच्या कडेला दुहेरी रेषा उमटते, ती वेगळीच.

एडवर्ड वेस्टननं १९३० मध्ये टिनच्या नरसाळ्यात ठेवलेली ढोबळी मिरची टिपली. एक्सपोजर लांबलचक होतं. उजेड मधे बदलला असेल, तरी तो बदल सबंध मिरचीवर सारखाच साठला. स्टॅकमध्ये मात्र प्रत्येक थराला आपापली वेळ मिळते. हा फरक दाखवला जात नाही, म्हणून सगळीकडे सारखी टोकदार असलेली चित्रं आपल्याला निर्जीव वाटतात.

मग करायचं काय? एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानं पक्के करा. एकसारखं ढगाळ आभाळ निवडा. सगळे थर मिनिटाच्या आत उरका. या गावात परंपरेनं घराला चौकट असते, कवाड नसतं. चौकटीच्या आत, सावलीच्या बाजूला ताट ठेवलं, तर उजेड बराच स्थिर मिळतो. आणि तेल ओतताना टिपायचं असेल, तर स्टॅक सोडा. एकच फ्रेम घ्या, मागचं धूसर राहू द्या.

असं चित्र समोर आलं, की धार नंतर तपासा. आधी सगळ्या सावल्या एकाच वेळेच्या आहेत का, ते बघा. आता प्रश्न घेऊ.